मामाची आठ माणसांची होडी

आमच्या मामासारखा संशयी माणूस अख्ख्या देवबागात सापडायचा नाही. माणसांवर त्याचा फार विश्वास, अविश्वास फक्त वस्तूंवर. खुर्ची आधी हलवून बघेल, मग तिच्यावर हात दाबेल, मग बसेल, तेही अर्धाच. नवी छत्री आणली की ती आधी नळाखाली भिजते. स्वतःच्या लग्नात बोहल्यावर चढण्याआधी त्याने मांडवाचा खांब गदागदा हलवून बघितला होता, आणि मामी अजून सांगते की, "माका बघूक इलो तेव्हा चायचो कप पण उलटो करून बघल्यान."

मामा पर्यटकांना खाडीत फिरवतो. होडी डागडुजी करून पाण्यात उतरवली की तो तिला किनाऱ्यालगतच छळतो. आधी रिकामी, मग एक माणूस, मग आठ, आणि मग मुद्दाम नववा. लोक हसतात. मामा म्हणतो, "बुडाची आसात तर हयसरच बुडांदे, गुडघाभर पाण्यात."

मी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये नापास झाले तेव्हा घरात कोणाला नक्की काय झालं ते कळलं नाही, कारण आमच्यात कॉलेजात गेलेली मीच पहिली. माझा प्रोग्राम मी दिलेल्या आकड्याला चालायचा, परीक्षकांनी दुसरा आकडा टाकला आणि तो कोलमडला. आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा होती. तीही गेली असती तर तिसऱ्या वर्षाला प्रवेश नव्हता. मी रडत होते, आणि मामा म्हणाला, "रडतंस कित्याक? माका दाखय."

मी घाबरतच समजावलं, की प्रोग्राममधला क्लास म्हणजे होडीचा आराखडा, आणि त्यावरून हव्या तितक्या होड्या बनवता येतात. मग आठ माणसांच्या होडीचा क्लास लिहून दाखवला, माणसं चढवायची एक आज्ञा आणि उतरवायची एक.

"आठ घाल," मामा म्हणाला. चढले. "आता नववो." तोही चढला. मामाने माझ्याकडे असं बघितलं, की मीच बुडाले. "रिकामी कर. आता तीन उतरव." पडद्यावर आलं, वजा तीन.

"रिकाम्या होडयेतसून तीन माणसां उतरली! भुता होती काय गो ती?"

मामी आतून हसली. मामा हसला नाही. त्याने विचारलं, हा माणसांचा आकडा कोण बदलू शकतो? मी म्हटलं, बाहेरून कोणीही. तेव्हा मात्र तो भडकला. "माका न इचारता माझ्या होडयेत कोण चढता?" त्या दिवशी मी तो आकडा खासगी केला, म्हणजे बाहेरून कोणाला बदलता येणार नाही असा. वर्गात तीनदा ऐकूनही तो का करायचा ते मला कळलं नव्हतं. मग मामाने कॅलेंडरच्या मागे वेड्यावाकड्या अक्षरात यादी लिहिली, रिकामी, एक, आठ, नऊ, रिकामीतून उतरणारा, आणि मी एकेका ओळीची चाचणी लिहीत गेले. आठवडाभर तो मासळीचं जेवण सोडून माझ्या होड्या बुडवत बसला.

परीक्षेत पाण्याच्या टाकीचा क्लास आला. मी आधी चाचण्या लिहिल्या, रिकामी टाकी, भरलेली, एक लिटर जास्त, रिकामीतून पाणी काढणं. परीक्षकांनी स्वतःचे आकडे टाकून बघितले, टाकी कुठेच फुटली नाही. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "असं तपासायला कोणी शिकवलं?"

मला मामा म्हणायचं होतं. पण "ऑनलाइन बघून, सर," मी म्हटलं.

मी गावी परतले तेव्हा मामा धक्क्यावर उभाच होता. "काय गो, झाला?"

"पास झालंय, मामा."

"इचारल्यानी काय?"

"ह्या कोणी शिकवल्यान म्हणान इचारल्यानी." मी खाली बघितलं. "तुझा नाव सांगलंय."

मामाने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "कित्याक सांगलंस गो? होडयेवाल्याचा नाव आयकान मार्क कमी केल्यानी तर?"

"नाय करूचे."

तो होडीचा दोर उगाच सोडून पुन्हा बांधत राहिला. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता त्याने हळूच विचारलं, "पुरा नाव सांगलंस, की नुसता मामा?"

"पुरा," मी म्हटलं.