हुकावरचा डबा

माझा स्वभाव तापट. गाडी बिघडली की आधी गाडीला शिव्या, मग मेकॅनिकला, मग स्वतःच्या नशिबाला, असा माझा ठरलेला क्रम. त्या उन्हाळ्यात मात्र शिव्यासुद्धा संपल्या.

लातूर जिल्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा निघाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंगही वाळला नव्हता आणि दुष्काळ येऊन बसला. नव्या जिल्ह्याकडं गाड्या कुठल्या? मग फौजेतून लिलावात निघालेला एक पेट्रोलचा ट्रक आणला, पाठीवर पाण्याची टाकी बसवली आणि मला रोजंदारीवर त्याच्यावर चढवलं. ट्रक म्हातारा, पण चारही चाकांनी ओढायचा. जिथं बैल मान टाकतात तिथं हा वर जायचा, म्हणूनच घेतला होता त्याला.

माझी खेप होती अहमदपूरच्या पुढं, डोंगरावरच्या एका वस्तीची. गायरानावर वसलेली बौद्ध कुटुंबं, थोडीशी कोरडवाहू जमीन, बाकी मजुरी. खालच्या ओढ्यापासून वर जायला नुसती दगडधोंड्यांची वाट. माझ्याआधी तिथं एक ट्रॅक्टर टँकर ओढत जायचा. त्याचा एक्सल त्याच वाटेवर मोडला, ड्रायव्हर दुसरीकडं गेला, आणि ते दुखणं माझ्या गळ्यात पडलं.

पहिले काही दिवस ट्रक गुमान चढला. मग एक दिवस ओढा ओलांडून चढाला लागलो, ॲक्सिलेटर दाबला आणि गाडीनं आचका दिला. रेस वाढायच्या ऐवजी दम कोंडल्यागत झालं. पाय सोडला की जरा बरं, दाबला की पुन्हा आचका, आणि मागं सायलेन्सरमधून फटाका. पाण्याच्या टाकीसकट मागं घसरलो असतो तर सरळ ओढ्यात. कसाबसा पहिल्या गिअरवर, चोक ओढत, वर पोचलो.

गावात आल्यावर गाडी एकदम शहाणी. कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले, फ्लोट बघितला. तांबूस कचरा निघाला थोडा. म्हटलं, पेट्रोलची टाकी गंजली असंल. प्लग घासले, पॉइंट लावले, कंडेन्सर बदलला. मैदानात पळवली, अशी पळाली की विचारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच चढाला तोच आचका. परत आलो, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा बदलला. पुन्हा तेच. सपाटीला गुणी आणि चढाला अवसानघातकी. ज्या पंपावर पेट्रोल भरायचो तिथल्या माणसाशी भांडलो, म्हटलं तू भेसळ करतोस. तो म्हणाला, मग बाकीच्या गाड्या कशा चालतात? मी आणखी दोन शब्द जास्त बोलून आलो.

एकदा गाडी चढलीच न्हाई. मधेच बंद पडली, टाकीची तोटी उघडून पाणी दगडात सोडावं लागलं, तेव्हा कुठं हलकी होऊन मागं आली. वरून बाया घागरी घेऊन वाट बघत होत्या. पाणी वाहत जाताना त्यांनी बघितलं. रिकाम्या घागरी उचलून माघारी वळल्या. मला वाटलं, दोन शिव्या तरी द्या.

ही गोष्ट कचेरीत गेली. पाणीपुरवठ्याचे साहेब नवे होते, कडक होते. त्यांनी मला उभं केलं. मी कार्बोरेटर, जेट, टाकीचा गंज असं सांगायला लागलो तर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं." माझ्या कानशिलात रक्त चढलं, पण रोजंदारीचा माणूस काय बोलणार? मग ते म्हणाले, "उद्या मी स्वतः गाडीत बसतो. माझ्यासमोर चढली तर ठीक. न्हाई चढली तर वरची खेप बंद. माणसं खाली शाळेत आणून ठेवू."

माणसं शाळेत येतील, पण जनावरं? वस्तीवर एका म्हातारीची देवणी गाय होती, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, दिवस भरत आलेली. घरात दुसरं कुणी न्हाई, गाय हीच लेक आणि हाच संसार. तो चढ उतरणं त्या गाभण गायीला जमणार नव्हतं आणि गाय सोडून म्हातारी येणार नव्हती. मला हे माहीत होतं, कारण पाणी वाटताना बाकीच्या बाया तिला चिडवायच्या, "आजी घागर गायीला देती अन् आपण ओल्या फडक्यावर दिवस काढती." खेप बंद झाली तर त्या दोघींचं काय व्हायचं ते उघड होतं.

दुसऱ्या दिवशी साहेब शेजारी बसले. इस्त्रीचे कपडे, गुडघ्यावर रुमाल. ओढ्यापर्यंत गाडी सुरेख आली. साहेब म्हणाले, "काय झालंय हिला? चांगली तर हाय." ओढ्याला मी रोज थांबायचो, कारण गाडीच्या पेट्रोलच्या टाकीला वरच्या अंगाला चीर होती. अर्ध्याच्या वर भरली की गळायची. म्हणून रोज निघताना एक डबा, आत न बघताच, पेट्रोलनं भरून मी गाडीच्या बाजूच्या हुकाला टांगायचो आणि चढाच्या आधी टाकीत ओतायचो. त्या दिवशीही ओतला, रिकामा डबा हुकाला लावला आणि चढाला लागलो.

अर्ध्यात आचका आला. दुसरा आला. साहेबांनी दाराची कडी धरली. मी पाय सोडला, दाबला, सोडला. फटाका फुटला आणि इंजिन बंद. गाडी हातभर मागं सरकली, ब्रेक कण्हला. मी ओरडलो, "साहेब, उतरा, चाकाला दगड लावा." इस्त्रीचे कपडे घातलेला तो माणूस खरंच उतरला, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. त्या घडीला मला तो आवडला.

पुढचं बॉनेट उघडलं. आजवर मी कार्बोरेटर खोलला होता तो गावात, सावलीत. चढावर, गाडी दगा देते त्याच जागी, कधी खोललाच नव्हता. इंजिन तापलेलं, बोटं भाजत होती. पेट्रोल गाळायची काचेची वाटी सोडवली आणि उन्हात धरली. वर पेट्रोल, खाली स्वच्छ पाणी. मधे रेघ ओढल्यासारखी. बोटावर घेतलं, चाखलं. पाणीच.

म्हणजे पाणी पेट्रोलच्या टाकीच्या बुडाला बसत होतं, सपाटीला निमूट राहत होतं, आणि गाडी चढाला कलली की नळीत शिरून जेटमधे अडकत होतं. गावात पोचेपर्यंत गाडी ते खोकून टाकायची आणि मला मागं राहिलेला गंज तेवढा दिसायचा. पण पाणी आलं कुठून? ज्या मुलखात माणसाला प्यायला पाणी न्हाई तिथं माझ्या पेट्रोलात पाणी! कुणीतरी मुद्दाम करतंय, मला वाटलं, आणि डोकं भणाणलं.

वाटी ओतली, पेट्रोलच्या टाकीचा खालचा बोल्ट ढिला करून पाणी निथळू दिलं, पेट्रोलची धार लागली तसा आवळला. किल्ली मारली. गाडी जी उठली ती वस्तीवर जाऊनच थांबली. साहेब हसले. मी हसलो न्हाई.

बाया घागरी घेऊन टाकीमागं गोळा झाल्या, साहेब तिकडं मोजमाप बघायला गेले. मी पुढं बॉनेटमधे डोकं घालून उभा होतो, पण नजर बाजूच्या डब्यावर; पेट्रोलाचं म्हणून कुणाच्याही हाताला लागंल असं तेवढंच होतं. थोड्या वेळानं म्हातारी आली. हातात तांब्या. तिनं इकडंतिकडं बघितलं, पदराच्या टोकानं धरून डब्याचं झाकण उघडलं, आणि डब्याला हात लागणार न्हाई एवढ्या उंचीवरून बारीक धार सोडली.

"ए म्हातारे, काय करतीस?" मी इतक्या जोरात ओरडलो की तांब्या तिच्या हातातून पडता पडता राहिला.

"पाणी हाय, दादा," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? तो पेट्रोलचा डबा हाय."

तिनं घाबरून तांब्या छातीशी धरला. मग हळूहळू बोलली. आधीचा ट्रॅक्टरवाला आपल्या पाण्याचा डबा तिथंच लटकवायचा. तो त्यांच्या तांब्याला हात लावायचा न्हाई. डब्यात वरून ओता, डब्याला शिवू नका, असा त्याचा हुकूम. "तुम्हीबी इथं कधी पाणी मागितलं न्हाई. म्हटलं, तुमचंबी तसंच असंल. उन्हातान्हाचं येता आमच्यासाठी, कोरडं कसं धाडायचं? वास यायचा डब्याला, पण तुमच्या सगळ्या गाडीलाच वास हाय."

मी पाणी मागत नव्हतो ते लाजेनं. ज्यांना घागरी मोजून देतोय त्यांच्यातलं कसं प्यायचं, म्हणून ओढ्यालाच माझी बाटली रिकामी करून यायचो. पण मनातलं काय कपाळावर लिहिलेलं असतं? आणि रोजचा तो तांब्या आला कुठून, ते मला विचारावं लागलं न्हाई. गाय दाराशी उभी होती आणि तिच्यापुढची पाटी कोरडी होती.

साहेब आले. "एवढा आरडाओरडा कशाचा? सापडला का दोष?"

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. तिला कळलं होतं की काहीतरी भयंकर झालंय आणि ते तिच्या हातून झालंय.

"सापडला, साहेब," मी म्हणालो. "पाण्याची टाकी हिंदकळून पेट्रोलच्या टाकीत झाकणातून पाणी शिरत होतं. बंद केलं. आता रोज चढंल."

साहेबांनी मान हलवली आणि गाडीत जाऊन बसले. मी म्हातारीसमोर ओंजळ केली न्हाई. हात पुढं केला. तिनं सवयीनं तांब्या उंच धरला, धार सोडायला. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, गढूळ होतं, मीच आदल्या दिवशी आणलेलं. घटाघट प्यालो.

"तोंड लावलंत की," ती म्हणाली. "उष्टा झाला तांब्या."

अर्धं पाणी उरलं होतं. मी तांब्या परत दिला. तिनं तो विसळला न्हाई, पदरानं पुसलाही न्हाई. राहिलेलं पाणी तिनं स्वतः पिऊन टाकलं.