दुसरा रकाना

महिन्यापूर्वी विमानतळावरच्या हवामान कचेरीतून कारखान्यात फोन आला, तेव्हा दुपारची शिफ्ट नुकतीच लागली होती. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना, म्हणून मी मेन स्विच बंद करायला लावला. शांतता झाली आणि पलीकडचा माणूस म्हणाला, "तुमचे भाऊ ड्युटीवरच गेले... खुर्चीत बसल्या बसल्या." कामगार माझ्याकडे बघत उभे होते. मी सांगितलं, आज काम बंद.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, ढग, वारा, पाऊस यांच्या नोंदी ठेवायचा. लग्न त्यानं केलं नाही, मीही केलं नाही. आई-वडिलांच्या मागे निजामपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघंच. माग मी चालवायचे, आकाश तो सांभाळायचा. वादळ आलं की मुंबईत उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून घिरट्या घालताना दिसत. माहुलीच्या डोंगरावर ढग चढल्यापासून किती वेळानं विमानं थांबतील, किती माघारी जातील, हे आधीच सांगता यावं, असं गणित त्याला बसवायचं होतं. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यानं ते मनावर घेतलं. जेवताना ताटाशेजारी आलेखाचा कागद असे. आमचा सलीम मिस्त्री रोज विचारायचा, "ताई, दादा के जहाज उतरे क्या?"

गणित जमेना. वादळ ओसरलं की विमानं वेळेवर यायला हवीत, असं त्याचा कागद म्हणे, आणि ती तर रात्रीपर्यंत उशिरानं येत. एकदा मी वैतागून म्हटलं, "अरे, लाइट आली म्हणजे काम लगेच सुरळीत होतं का? तुटलेले धागे कोण जोडणार? तोवर पुढची शिफ्ट दारात येऊन उभी असते."

तो घास हातात धरून बसला. मग म्हणाला, "मंगल, मी नुसतं वादळ मोजत होतो गं. थांबलेल्या विमानांची रांग मोजलीच नाही." त्या आठवड्यात त्यानं सगळे कागद नव्यानं मांडले. गणित बरंचसं जुळायला लागलं. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

कचेरीतल्या साहेबांनी कागद परत दिले. एकट्या माणसाच्या नोंदी धरता येत नाहीत, निदान एक मोसम दोघांनी वेगवेगळ्या घेतलेल्या हव्यात, म्हणाले. दादानं नवी वही आणली, पानापानावर दोन रकाने आखले. एकावर 'मी', दुसऱ्यावर 'मंगल'. नियम एकच, दुसऱ्याच्या रकान्यात लिहायचं नाही. मी सात-आठ संध्याकाळी घड्याळ घेऊन गच्चीवर गेले. मग कधी मागावरचा सुताचा बीम बदलायचा, कधी माल गाडीत चढवायचा... तो जिन्यातून हाक मारायचा, "मंगल, ढग चढतोय!" मी खालून ओरडायचे, "तूच लिही माझंपण!" पुढच्या मोसमात त्यानं हाक मारणं बंद केलं. मला वाटलं, नाद सुटला. मला बरंच वाटलं होतं, हे आता लिहून टाकते.

नाद सुटला नव्हता. त्याचे दिवस झाल्यावर कपाट आवरताना वही सापडली. गेल्या ऑक्टोबरपर्यंतच्या नोंदी, प्रत्येक वादळ, प्रत्येक विमान. प्रत्येक पानावर माझ्या नावाचा रकाना आखलेला आणि रिकामा. माझ्या नावानं चार आकडे टाकले असते तर साहेबांना काय कळणार होतं? त्यानं ते केलं नाही. कागद पुन्हा कचेरीत गेलेच नाहीत.

परवा दुपारनंतर माहुलीवर ढग चढला. शिफ्ट चालू होती. सलीमला लक्ष ठेवायला सांगून मी वही आणि घड्याळ घेऊन गच्चीवर गेले. पहिलं विमान वळलं, वेळ लिहिली. नंतर आणखी पाच. पाऊस वहीवर यायला लागला, तेव्हा खाली आले.

त्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.