आत्याच्या चिनी मालिका

माझ्या आत्याचा आवाज कधी चढला नाही, पण आमच्या आर्णीच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असे. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि आजोबांचं, म्हणजे आबांचं, सगळं तिनं हाती घेतलं. दुपारी आबांचं जेवण झालं की मोबाईलवर हिंदीत बोलणाऱ्या चिनी मालिका सुरू होत. राजवाडे, लढाया ती पळवून पुढे न्यायची. एखादा पांढऱ्या दाढीचा गुरू आईबापांच्या सेवेबद्दल जुनं वचन सांगू लागला, की मात्र मागे नेऊन पुन्हा ऐकायची.

ऐकलेलं ती वापरूनही बघे. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार होईनात. माझे बाबा ओरडून थकले. बाप चुकत असेल तर लेकरानं सांगावं, पण नरमाईनं, आणि ऐकलं नाही तर आदर न सोडता पुन्हा सांगावं, हे आत्यानं मालिकेतून उचललं होतं. रोज चहा देताना ती म्हणे, "आबा, डोये दाखवून येऊ न." आबा तोंड फिरवत. पावसाळाभर हे चाललं. शेवटी आबाच म्हणाले, "चाल बाई. तुह्या चहाचा धाक वाटून राह्यला मले."

मला हैदराबादला नर्सची नोकरी लागली, तेव्हा बाबांना ते मुळीच पटलं नाही. ते आत्याला म्हणाले, "तुह्याच मालिकेत सांगतेत न, आईबाप असताना लेकरानं दूर जाऊ नये?"

आत्या मेथी निवडत होती. "सांगतेत. पन त्याच्या पुढचंही आयक न, दादा. जावंच लागलं तर कुठं चाललो ते घरी ठाऊक असावं. मी सोबत जाऊन जागा पाहीन."

पांढरकवड्याहून आम्ही दोघी बसनं गेलो. वसतिगृहाची खोली, पाण्याची सोय, दवाखान्याचा रस्ता, सगळं तिनं पाहिलं. घरी जाऊन तिनं ते असं सांगितलं, की बाबा फोनवर विचारू लागले, "खिडकीतून ऊन येते का आता?" त्यांचा राग तिथंच संपला.

गेल्या वर्षी आबा गेले. तेरवीला शेजारची बाई आत्याजवळ बसून म्हणाली, "लई केलं तू बापाचं. सुटली आता."

आत्यानं तिच्या हातावर हात ठेवला. "मी बांधलेली नव्हती, बाई. मले आवडत होतं ते." मग ती उठली आणि पंगतीत वाढायला गेली.