धवलेरीसाठी थांबलेलं लग्न

पहाटे निघताना आई दशम्या बांधून द्यायला उठली. तिचे हात थरथरतात, म्हणून नेहमीप्रमाणे "तू बस गं" म्हणत मी डबा तिच्या हातातून काढून घेतला. म्हाताऱ्या माणसांची देखभाल घरोघरी कशी होते, याचा अभ्यास करायला मी निघाले होते. गाडी चुकवून कसं चालेल?

बोईसरला उतरून टांगा केला. तारापूरला अणुवीजघराचं काम जोरात होतं. ट्रकांची धूळ नाकातोंडात जात होती. तारापुरातली काही वृद्ध मंडळी माझ्यासाठी देवळात जमणार होती. वाटेत मात्र एक वारली म्हातारी काठी आडवी धरून रस्त्यातच उभी राहिली.

"मला पाड्यावर सोड. लगीन हाय."

"आजी, तारापुरात माणसं खोळंबलीत."

"कशाला?"

"त्यांची विचारपूस करायची आहे."

"मंग माजी कर," म्हणत ती टांग्यात चढूही लागली.

मला हसू आवरेना. टांगेवाला मात्र गंभीर होता. "बाई, ही धवलेरी हाय, गाणी म्हणून वारल्यांची लग्नं लावणारी. पोरं वीजघराच्या कामावर, हिला नेणार कोण? ही नाय पोचली तर लगीन नाय लागायचं."

टांगा वळला. तारापूरकरांना मी मनातल्या मनात हात जोडले.

पाड्यावर मांडवात नवरानवरी बसली होती. धवलेरीनं गाण्यासाठी तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला. पुन्हा प्रयत्न, पुन्हा खोकला. तिचे डोळे भरून आले. आता आपल्याच्यानं होत नाही, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती.

मला राहवेना. शेजारच्या तरण्या बाईला मी म्हटलं, "तुम्हाला गाणी येतात ना? मग तुम्हीच म्हणा, त्यांना त्रास होतोय."

"येतात की सगळी. पण तिनं सुरू केल्याबिगर आमी कसं गाणार? गाईल ती. घाई कोणाला हाय?"

खरंच कोणाला घाई नव्हती. कोणी पाणी दिलं, कोणी पाठ चोळली. नवरदेवानं तेवढ्यात एक जांभई उरकून घेतली. मग कुजबुजीएवढ्या आवाजात एक ओळ आली. बायकांनी ती अलगद उचलली, आणि त्यांच्या आधारानं म्हातारीचा आवाज चढत गेला.

जेवायला भात, वरण आणि नंतर ताडगोळे होते. ताडीही पुढे आली. घेतली की नाही, ते विचारू नका. जेवताना मी धवलेरीला माझा ठरलेला प्रश्न केला, "आजी, तुमची काळजी कोण घेतं?"

"काळजी कशाला? मी काय आजारी हाय?"

तारापूरला पोचले तेव्हा देवळात कोणी नव्हतं. पुजाऱ्याकडे माफीचा निरोप ठेवून मी परतीची गाडी धरली.

आई दारातच होती. "दमलीस. चहा टाकते."

"तू बस" हे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले आणि मीच बसले. आत भांडं पडलं. साखरेचा डबा बराच वेळ उघडत नव्हता. उठून जावंसं फार वाटलं, पण उठले नाही.

चहा आला तो निम्मा बशीत सांडलेला.

"साखर बरोबर आहे का गं?" आईनं उभ्या उभ्याच विचारलं.

अगदी बरोबर होती.