तोंडात पाणी धरून गणित

माझं गणित तोंडात होतं, डोक्यात नव्हतं. बेळगावकडच्या आमच्या शाळेत पाढे घोकून घ्यायचे ते मोठ्यानं, ओळीत उभं करून. जी पोरगी ओठ मिटून म्हणेल तिच्या हातावर छडी. त्यामुळं गुणाकार आला की ओठ हलणार आणि आवाज फुटणार, हे ठरलेलं. ओठ मिटून तेरा नव्वे किती, हे मला देवाशपथ सांगता यायचं नाही.

लग्न होऊन मी बेंगळुरात आले. सासर चिकपेटच्या मागच्या गल्लीत. घराणं इतकं जुनं की बोलायचे मराठी आणि त्यात निम्मे शब्द कानडी. सासऱ्यांना सगळं घर अण्णा म्हणायचं, सासूबाईंना अक्का, म्हणून मीही तेच म्हणू लागले. जवळच्या एका शाळेत शिशुवर्ग शिकवायला मी जायची. तीन वर्षं तात्पुरती होते. मग नियम आला, की जूनच्या आत एस.एस.एल.सी. पास नसेल तर जागा दुसरीला. माझे बाकीचे विषय सुटले होते, गणित तेवढं राहिलं होतं.

आता मला सांगा, ज्या वर्गात विसाच्या पुढं कुणी मोजत नाही, जिथं दिवसभर शेंबूड पुसायचा आणि चड्डीच्या नाड्या बांधायच्या, तिथं वर्गसमीकरण कुणाच्या बापाला हवंय? पण ऐकतो कोण! आणि मला ती पोरं सोडायची नव्हती. घरी मी सून होते, बायको होते, जाऊ होते. तिथं मी टीचर होते. मी फळ्याकडं वळले की चाळीस पोरं गप्प व्हायची. ते मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आदल्या वर्षी परीक्षेत काय झालं ते आधी सांगते. पेपर कानडीत, गुणाकार मराठीत, आणि तोही मोठ्यानं. सुपरवायझर तीनदा ओरडला. चौथ्यांदा त्यानं मला उचलून बाहेर व्हरांड्यात बसवलं, तिथं ऊन आणि कावळे. पण तोवर माझ्या आजूबाजूच्या तिघी पोरींनी माझे गुणाकार ऐकून उतरवले होते. तिघीही चिकपेटच्या, आमच्यातल्याच. तिघी पास झाल्या. मी नापास! एक तर पेढे घेऊन घरी आली होती, मेली.

उपाय काढला अक्कांनी. अक्कांना अक्षरओळख नव्हती. दिवसभर चूल, आणि चुलीशेजारी त्यांचा पितळी पेला. त्या सारख्या पाणी प्यायच्या. मला वाटायचं, उष्णता असेल.

"तोंडात पाणी धर," अक्का म्हणाल्या. "ओठ हलणार नाहीत. मी तेच केलं."

"कुठल्या परीक्षेला?" मी विचारलं.

"सासूच्या," अक्का म्हणाल्या. "त्या बोलायला लागल्या की मी घोट घ्यायची आणि धरून ठेवायची. उत्तर बाहेर यायचंच नाही."

हसू नका, पण मी करून बघितलं. पहिल्या दिवशी पाच सत्तेला पाणी गिळलं. दुसऱ्या दिवशी आठ सत्तेला शिंक आली आणि भूमितीची वही धुऊन निघाली. मिठाचं पाणीही धरून बघितलं, त्यानं तहान तेवढी लागली. मग मात्र अण्णांनी मनावर घेतलं. अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले, हाताला काम नाही. रोज सकाळी ते कोट घालायचे, काठी घ्यायचे आणि सुपरवायझर होऊन माझ्याभोवती फेऱ्या मारायचे. "स्वल्प सरकून बसा," म्हणायचे. मध्येच काठी आपटायचे. आमचे हे तर मी हसते का ते बघायला डोक्यावर पातेलं घालून समोर बसायचे. एकदा मी हसले, आणि सगळी गुळणी अण्णांच्या धोतरावर. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी धोतर बदललं आणि पुन्हा फेरी सुरू केली. त्या दिवसांत ते मला बापापेक्षा जवळचे वाटले, हे कबूल केलं पाहिजे.

गल्लीत मात्र गडबड झाली. शेजारची कानडी बाई गप्पांना आली, तर मी गप्प. दुसऱ्या दिवशीही गप्प. तिनं समजूत करून घेतली की मी मौनव्रत धरलंय. तिसऱ्या दिवशी बया नारळ घेऊन आली, माझ्यापुढं ठेवला, हात जोडले आणि विचारलं, "माझ्या मुलीचं लग्न कधी?" मी त्याच वेळी तीन नव्वेचं उत्तर पाटीवर लिहीत होते. सत्तावीस! बाईनं पाटीला नमस्कार केला आणि हट्टानं सत्तावीस तारीख धरून लग्न लावून दिलं. त्यानंतर रोज दोघी-तिघी यायला लागल्या. नारळ इतके साठले की अक्का महिनाभर चटणी वाटत होत्या.

पण गुण आला बरं का! महिनाभरात पाढा आतल्या आत म्हणता यायला लागला. तोंडात पाणी असलं की आला, नसलं की गेला.

परीक्षेला मी जटक्यातून गेले, मांडीवर तांब्या घेऊन. घोडा उधळला तर माझं वर्ष गेलं, म्हणून अण्णा घोड्याशी कानडीत गोड बोलत होते. हॉलमध्ये बसले, घोट घेतला आणि पेपर उघडला. पहिली चार गणितं सुटली. तोंड बंद, हात चालू. मी मनात म्हटलं, जिंकलीस गं बाई!

आणि नेमका तोच गेल्या वर्षीचा सुपरवायझर समोर येऊन उभा राहिला. त्यानं नंबर विचारला. मी हॉलतिकिटाकडं बोट दाखवलं. त्यानं नाव विचारलं. मी पुन्हा बोट दाखवलं. त्यानं माझे फुगलेले गाल बघितले आणि त्याचे डोळे बारीक झाले.

"बायि तेगीरी!" तो ओरडला. तोंड उघडा!

त्याला वाटलं, मी तोंडात चिठ्ठी लपवलीय. तोंड उघडावं तर पाणी उत्तरपत्रिकेवर, चार गणितं पाण्यात. घाबरून मी ते गिळून टाकलं.

"गिळली! चिठ्ठी गिळली!"

झालं! मला हेडमास्तरांच्या खोलीत नेलं. हेडमास्तर म्हातारे, जाड चष्म्याचे. माझ्या डोळ्यांपुढं माझी चाळीस पोरं उभी राहिली आणि मी रडायला लागले. रडत रडतच मोडक्या कानडीत सगळं सांगितलं. पाढे, व्हरांडा, कावळे, अक्का, पाणी. सुपरवायझर म्हणाला, "थापा आहेत सर." हेडमास्तरांनी मला विचारलं, "तेरा नव्वे?"

"तेरा नव्वे सतरोदरसे!" मी इतक्या जोरात म्हणाले की दारातला शिपाई दचकला.

हेडमास्तरांनी ते एकशे सतरा कागदावर ताडून बघितलं. मग सुपरवायझरला बाहेर जायला सांगितलं आणि मला त्यांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसवलं. "इथं नक्कल करायला कुणी नाही," ते म्हणाले. "मोठ्यानं म्हणा." उरलेला पेपर मी तिथं सोडवला, खणखणीत आवाजात. ते फायली बघत होते आणि मधूनमधून मान डोलवत होते.

घरी येऊन मी अक्कांना सांगितलं. त्या डाळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"मोठ्यानं म्हणालीस? सगळं?"

"सगळं."

"आणि कुणी काही म्हणालं नाही?"

"नाही अक्का. ते ऐकत होते."

अक्कांनी परत सूप हातात घेतलं.

निकाल लागला. शंभरात सदतीस, पण पास! अण्णांनी गल्लीभर पेढे वाटले, त्या तिघी पोरींच्या घरीही. रविवारी दुपारी पुरुष जेवायला बसले. अक्का वाढत होत्या, मी ताक घेऊन मागं उभी. अण्णांनी सारभाताचा घास घेतला आणि खुशीत म्हणाले, "घराची अब्रू राहिली. हौस फिटली ना आता? मग स्वल्प घर बघ. शाळा पुरे झाली. सरी, बरोबर ना?"

मला वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. या माणसानं कोट घालून महिनाभर माझ्याभोवती फेऱ्या मारल्या होत्या, घोड्याला लाडीगोडी लावली होती. आमचे हे पानात बघत राहिले.

अक्कांचा हात सवयीनं पेल्याकडं गेला. त्यांनी पेला उचलला, ओठांपर्यंत नेला. मग खाली ठेवला, चांगला आवाज करून.

"ती जाणार," अक्का म्हणाल्या.

"काय?" अण्णा म्हणाले.

"सोमवारी शाळा आहे. ती जाणार."

इतक्या मोठ्यानं की शेजारच्या बाईनं खिडकी उघडली. अण्णांनी अक्कांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. मग आपला पेला उचलला, एक मोठा घोट घेतला आणि तो कितीतरी वेळ गिळलाच नाही.