बापदेवाचं कवच

सकाळचे पाच चाळीस. मैनाबाई गुरव बापदेवाच्या दगडावर पाणी ओतून तो जुन्या धोतराच्या फडक्याने कोरडा करत आहेत. मागे बारा पावलांवर एक कंटेनरचा ट्रेलर वळण घेतो. दिव्याची ज्योत आडवी होते, पुन्हा उभी राहते. मैनाबाई वळून पाहत नाहीत. आठ वाजता कौल आहे, आणि दगडावर धूळ राहिली तर पाकळी धरत नाही.

पनवेलहून तळोज्याकडे जाताना हे गाव लागतं. त्याचं नाव छापू नये, ही पंचांची अट आहे. वेशीवर उंबराखाली अडीच फुटांचा काळा दगड उभा आहे, तोच बापदेव. तो कुणी आणि कधी आणला याची नोंद नाही. मैनाबाईंच्या आजेसासऱ्यांच्या बापाने त्याला शेंदूर लावल्याचं घरात सांगतात. अकरा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि शेंदराची वाटी मैनाबाईंकडे आली. बाईमाणसाने देवाला हात लावावा का, यावर गाव तेव्हा दोन महिने भांडलं. रोज पहाटे उठायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून भांडण मिटलं.

शेंदूर तिळाच्या तेलात कालवून रोज एक पातळ हात द्यायचा. वर्षानुवर्षं हातावर हात चढत जातो आणि दगडाभोवती जाड कवच तयार होतं. बापदेवाचं कवच चार बोटं जाड होतं. खालचा दगड गावात कुणीच पाहिलेला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी देवस्थान कमिटीचा अध्यक्ष प्रितेश याने नारिंगी ऑइलपेंटचा डबा आणला. प्रितेश चाळिशीचा आहे, जमिनीचे व्यवहार करतो, देणगी देताना हात आखडत नाही. मैनाबाईंनी त्याला सांगून पाहिलं होतं.

"अरे, तेलावर रंग बसत नाय. आतलं तेल कुठं जाईल?"

"काकी, शेंदूर लोकांच्या कपड्यांना लागतो. हा बघ कसा चमकतो. कमिटीचा ठराव हाय."

मैनाबाईंनी चार हात दिले. रंगाची साल वर घट्ट आवळली, खाली तेल कोंडलं, दोन पावसाळ्यांचं पाणी फटीतून आत शिरलं. यंदा चौदा जुलैला पहाटे त्या आल्या तेव्हा कवच अख्खंच्या अख्खं सुटून, नारळाची करवंटी पडावी तसं पुढ्यात पडलं होतं.

खाली कोरीव काम होतं. एक मोठी ढाल. तिच्यात पाच छोट्या ढाली, फुलीच्या आकारात मांडलेल्या. प्रत्येकीत पाच ठिपके. कडेने सात किल्ले. शेंदराने झाकलेले असल्यामुळे कोपरे नुकतेच घडवल्यासारखे धारदार होते.

रीतीप्रमाणे सुटलेलं कवच पाण्यात सोडायचं असतं. मैनाबाईंचा मुलगा जगन याने ते गोणीत भरून खाडीत सोडलं. निर्णय होईपर्यंत दगडाला शेंदूर लावू नये, असा कमिटीने ठराव केला. तेव्हापासून दगड कोरा आहे. फक्त दिवा लागतो.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नवीन पनवेलच्या वसुंधराताई फोटो पाहून आल्या. इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांनी दगड मोजला, टिपणं घेतली, आणि जमलेल्या चाळीसेक माणसांना समजेल असं सांगितलं. हे पोर्तुगालच्या राजाचं चिन्ह आहे. वसई, चौल, करंजा ही ठाणी त्यांच्याकडे होती. एखाद्या पडक्या दरवाजाचा हा दगड असावा. आणि ढाली पाच का, तर सन ११३९च्या पंचवीस जुलैला ओरीक नावाच्या ठिकाणी लढाई झाली. तिथला मुलूख तेव्हा मुसलमान राजांकडे होता आणि ख्रिस्ती सरदार तो परत घेत होते. अफोन्सो नावाच्या सरदाराने एका दिवसात पाच राजांना हरवलं, असं परंपरा सांगते. त्या पाचांच्या आठवणीला पाच ढाली. तो सरदार पुढे पोर्तुगालचा पहिला राजा झाला.

"पाचही मेले का?" कुणीतरी विचारलं.

"काही ठिकाणी तसं लिहिलंय," ताई म्हणाल्या. "पण लढाई नक्की कुठे झाली हेसुद्धा इतिहासकारांना सांगता येत नाही. पाच राजे होते की नव्हते, हाही वाद आहे. बरीचशी गोष्ट मागाहून रचलेली आहे."

प्रितेशने हे मोबाइलवर घेतलं. गावाच्या ग्रुपवर जी चित्रफीत फिरली ती "काही ठिकाणी तसं लिहिलंय" इथे संपते.

पाच ढाली म्हणजे देव पाच जण घेणार, असं बोललं जाऊ लागलं आणि त्या रात्रीपासून मोजणी सुरू झाली. जुलैच्या अखेरीस वळणावर ट्रेलरखाली एक माणूस गेला होता. तो पहिला. दुसरा काविळीने दवाखान्यात वारला होता. त्याचा रस्त्याशी संबंध नव्हता, पण कवच पडल्यानंतरचा म्हणून तोही धरला. लढाई जुलैतली, कवचही जुलैत पडलं, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मधल्या अकरा दिवसांचा फरक कुणी काढला नाही. सप्टेंबरच्या सतरा तारखेला संध्याकाळी मोटरसायकलवरचे दोन चुलतभाऊ त्याच वळणावर ट्रेलरखाली गेले. चार झाले.

त्यानंतर कुणी मोठ्याने मोजलं नाही. बाया मुलांना शाळेत शेताच्या बांधावरून पाठवू लागल्या. उंबराला कुणीतरी पाच लिंबं टांगली, सकाळी त्यातली चारच होती. पाचवं माकडाने नेलं असणार, उंबरावर माकडं येतात. ते शोधायला मात्र कुणी गेलं नाही. तळोज्याच्या कारखान्यांत पहिल्या पाळीला जाणारे गावातले नऊ जण आहेत. आठांनी चार किलोमीटरचा वळसा घ्यायला सुरुवात केली.

नववा जगन. सत्तावीस वर्षांचा, केमिकलच्या कारखान्यात ऑपरेटर. रोज सहा वीसला तो मोटरसायकलने वळणावर येतो, आईला दोनदा हॉर्न देतो आणि पुढे जातो.

"तूपण वळसा घे," मैनाबाईंनी त्याला सांगितलं.

"म्हणजे गाव बोलेल, गुरवाचाच पोर देवाला भ्याला. मग तुझा दिवा कोण ठेवील?"

"दिवा गेला खड्ड्यात."

"आये, असा बोलू नको. त्याला ऐकू जातंय," जगन दगडाकडे बोट करून हसला. "आन मी पाचवा झालो तर फोटो मोठा लावा. पासपोर्टवाला नको, त्यात मी चोर दिसतंय."

मैनाबाईंनी फडकं त्याच्या अंगावर फेकलं. त्या हसल्या नाहीत.

रविवारच्या सभेत प्रितेशने प्रस्ताव मांडला. पाथरवट बोलावून पाचही ढाली छिन्नीने साफ करायच्या, नाहीतर दगड खाडीत सोडून नवी संगमरवरी मूर्ती बसवायची. खर्च तो करणार. मैनाबाई बायांच्या रांगेतून उठून उभ्या राहिल्या.

"कवच कोपानं नाय पडला. ऑइलपेंटनं पडला. चार हात मीच दिलेत, ठरावावर तुमच्या सह्या हायत."

"काकी, चार मेले ते पण पेंटनं का?"

"दोन ट्रेलरनं... तीन ट्रेलरनं, एक काविळीनं. तिथं गतिरोधक मागा ना. देवाला कशाला छिन्नी लावताय?"

"गतिरोधकाचा अर्ज दिलाय. उत्तर येईपर्यंत पाचवा कोण, तू सांगतेस?"

बऱ्याच जणांनी मागे, पुरुषांच्या रांगेत बसलेल्या जगनकडे पाहिलं. मग ऐंशीचे बळीरामबुवा काठी आपटून म्हणाले, "बिनकौलाचा देव हालवायचा नाय. कौल लावा. उजवी पडली तर देव हाय तसा राहील. डावी पडली तर छिन्नी."

कौल गुरवानेच लावायचा असतो. भिजवलेल्या दोन पाकळ्या दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, आणि आधी कुठली पडते ते बघायचं. मैनाबाईंचे सासरे सांगत, पाकळीखाली तेलाचं बोट फिरवलं की ती लवकर सुटते. आणि असं करणाऱ्या गुरवाच्या घरचा दिवा विझतो, हेही सांगत.

मंगळवारी आठला वेशीवर दीडशे माणूस होतं. पाथरवट छिन्नी-हातोड्याची पिशवी घेऊन कट्ट्यावर बसला होता. मैनाबाईंनी तांब्यातल्या पाण्यातून तगरीच्या दोन पाकळ्या काढल्या. एक उजव्या ढालीवर, एक डाव्या. दोन्ही अंगठ्याने सारख्याच दाबल्या. मग तळहात उलटे करून सगळ्यांना दाखवले. कोरडे होते.

"बापदेवा," त्या म्हणाल्या, "तुला ठेवायचा का छिन्नी लावायची, तूच सांग. माझ्या मनात काय हाय ते बघू नको."

दहा मिनिटं गेली. वीस गेली. शेंदरावरून पाकळी पाच मिनिटांत घसरते. कोऱ्या दगडाच्या खाचांत त्या अडकून राहिल्या. पस्तिसाव्या मिनिटाला डावी पाकळी खालच्या टोकाने सुटून लोंबली. कट्ट्यावर पाथरवट उठून उभा राहिला. मैनाबाईंनी डोळे मिटले नाहीत. मग बंदराकडून लोड भरलेला ट्रेलर आला, ब्रेक लावत वळला, पायाखालची जमीन हलली आणि उजवी पाकळी पडली.

बळीरामबुवांनी काठी कपाळाला लावली. बायांनी हात जोडले. पाथरवटाने पिशवी उचलली आणि तो आलेल्या रिक्षानेच परत गेला. डावी पाकळी लोंबतच होती.

गर्दी पांगल्यावर प्रितेश जवळ आला. आवाज खाली होता.

"काकी, खरं सांग. तेल लावलंस?"

"तेल तू लावलंस. डबा भरून."

"चेष्टा नको. देव राहिला. तुझ्या हातानं राहिला. आता पाचवा झाला तर गाव माझ्याकडे नाय येणार."

"माहीत हाय."

"आणि जगन इथूनच जातो."

"त्यो कुठून जातो ते मला तू सांगू नको," मैनाबाई म्हणाल्या आणि वाटी धुवायला घेतली.

दुपारी त्यांनी जगनला पुन्हा वळसा घ्यायला सांगितलं. तो म्हणाला, आता तर नाहीच. कौल बाजूने लागलेला असताना गुरवाच्या मुलाने वाट बदलली, तर तो कौल खोटा ठरेल. संध्याकाळी त्यांनी पनवेलच्या बाजारातून पाव किलो शेंदूर आणि अर्धा लिटर तिळाचं तेल आणलं. पाच ढाली झाकायला रोजच्या एका हाताने साधारण सहा महिने लागतील, असा त्यांचा अंदाज आहे. गतिरोधकाच्या अर्जाला अजून उत्तर नाही.

उद्या बुधवार. पाच चाळीसला शेंदराचा पहिला हात. जगनची पाळी सातची आहे, सहा वीसला तो वळणावर येतो.