पणसाहेबांचे प्रेट्झल

त्यांचं खरं नाव इमारतीत कुणाच्याच लक्षात नव्हतं. नट-बोल्टच्या कारखान्यात मालाची तपासणी करण्यात त्यांची उभी हयात गेली, आणि कारखाना सुटला तरी तपासणी काही सुटली नाही. समोर येईल ते उजेडात धरायचं, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "चांगलं आहे, पण..." लोक त्यांना पणसाहेब म्हणू लागले. साहेबांना ती पदवीच वाटली.

या तपासणीतून सगळ्यात जास्त माल गेला तो बायकोचा. दर रविवारी ती प्रेट्झल करायची. मैद्याचं फुगलेलं पीठ वळून लांब दोरी करायची आणि तिला असा पीळ द्यायची, की हाताची घडी घालून रुसून बसलेला माणूसच दिसावा. मग खायच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुचकळून, वर जाडं मीठ भुरभुरवून ते ओव्हनमध्ये. बाहेरून तांबूस, आत मऊ लुसलुशीत. साहेब एकेक खिडकीपाशी नेऊन बघत. "चांगला झालाय, पण डावं भोक लहान आहे." मग तो खात. मग दुसऱ्यात खोट काढून तोही खात. नावं ठेवायला तोंड होतं तसंच खायलाही होतं.

एके दिवशी बायको ओल्या फरशीवरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. दवाखान्यात प्लास्टर घालत असताना साहेब तिच्या शेजारी काळजीने अर्धे झाले होते. धीर द्यावा म्हणून ते म्हणाले, "फरशी तू चांगली पुसली होतीस, पण कोपरा ओला राहिला."

तिने त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं. "प्रेट्झल आता बंद. हात बरा झाला तरी बंद."

बाई बोलली ते खरं करणारी होती. साहेबांचे दोन रविवार कोरडे गेले, तेव्हा त्यांचं धाबं दणाणलं. माफी मागणं हा साधा उपाय होता, पण तो त्यांना सुचला नाही. त्यांनी ठरवलं, आपणच करून दाखवायचे. एकदा निर्दोष माल समोर आला की तिलाही उमेद येईल.

रविवारी त्यांनी पीठ भिजवलं, ते छान फुगलंही. बायको गळ्यात हात अडकवून खुर्चीत बसली होती. साहेबांनी एक दोरी वळली आणि खणातून कॅलिपर काढला.

"अहो, ते कशाला?"

"जाडी नको बघायला?"

दोरी एका टोकाला जाड निघाली. "रिजेक्ट!" म्हणत त्यांनी ती मोडली, मैदा लावून पुन्हा मळली. दुसरीही रिजेक्ट. तिसरीही. लोखंड कितीदा मोजलं तरी रागावत नाही. पीठ रागावतं, आकसतं, घट्ट होत जातं. बायको काही सांगायला गेली, तर साहेब म्हणाले, "तू नुसती बस." ती बसली. फक्त परातीतल्या फुगलेल्या पिठाचा एक गोळा तिने आधीच हळूच काढून ओल्या फडक्याखाली ठेवला होता. शेवटी डाव्या हाताने तिने त्याला कसाबसा पीळ दिला.

"हा कुठला वेडावाकडा?" साहेबांनी विचारलं.

"रिजेक्ट माल. उकळून घ्या आणि राहू दे ट्रेच्या कोपऱ्यात."

ओव्हनमधून माल निघाला तो जुळ्या भावंडांसारखा, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. साहेबांनी अभिमानाने एक ताटलीत ठेवला. टक् असा आवाज आला.

"ओव्हनच बरोबर नाही," साहेब घाईने म्हणाले. नाचता येईना, अंगण वाकडं.

बायकोने तो उचलला. खिडकीपाशी नेला, एक डोळा मिटला. तिने घास तोडला, बराच वेळ चावला.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

साहेब पुढच्या शब्दासाठी वाकले.

"पण?"

"पण काही नाही. चांगला झालाय."

"अगं, दगड झालाय! मला कळत नाही का?"

"असेल. मला बघायचं होतं, माणसाला तेवढ्यावर थांबता येतं का. येतं की. काही त्रास होत नाही."

साहेबांना भयंकर लाज वाटली. इतक्या रविवारांत हिला एकदाही नुसतं चांगलं म्हटलं नव्हतं, हे त्यांना आत्ता, तो दगड हातात धरून कळलं. त्यांनी कोपऱ्यातला वेडावाकडा प्रेट्झल घेतला. हात सवयीने खिडकीकडे निघाला होता, तो अर्ध्यावरून वळवून त्यांनी घास घेतला. मीठ एकाच बाजूला पडलं होतं आणि डावं भोक पार बुजलं होतं. आतून मात्र तो मऊ होता, दर रविवारसारखा.

"चांगला झालाय," ते म्हणाले, आणि जिभेवर आलेलं बाकीचं घासाबरोबर गिळून टाकलं.

ती म्हणाली, "पुढच्या रविवारी पीठ तुम्ही मळा. वळायचं मी बघते."

"चालेल, पण..."

तिने मान वर केली.

"पण कॅलिपर मी माळ्यावर टाकतो," पणसाहेब म्हणाले.